काट्यावरचा आकडा आणि मनातले शरीर

देहप्रतिमा म्हणजे आपल्या शरीराचे मनात तयार झालेले चित्र. हे चित्र आणि प्रत्यक्ष वजन जुळतेच असे नाही. नृसिंहाच्या देवस्थानामुळे ओळखली जाणारी पोखर्णी असो की परभणी शहर, मोबाइल सगळीकडे सारखाच. त्यात उंची-वजन भरले की बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) मिळतो आणि मुलगी ‘बारीक’ किंवा ‘जाड’ ठरते.

चूक आकड्यात नसते, तक्त्यात असते. १८.५ ते २५ ही मर्यादा प्रौढांची आहे. तेरा वर्षांची, १५० सेंटिमीटर उंच, ४० किलोची मुलगी घ्या. तिचा बीएमआय १७.८. प्रौढांच्या तक्त्यात ती कमी वजनाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ ते १९ वयोगटाच्या २००७च्या तक्त्यात मात्र अगदी सर्वसाधारण.

शिवाय ओला कापूस तोलला तर काटा जास्त दाखवतो. त्यात रुई किती, पाणी किती हे सांगत नाही. शरीराचेही तसेच: हाडे, स्नायू, पाणी, चरबी सगळे एकाच आकड्यात. पाळी सुरू होण्याच्या आसपास मांड्या-नितंबांवर चरबी वाढते, ती वाढीचाच भाग आहे. (‘सुटलीस गं’ म्हणणाऱ्या मावश्यांना हे कुणी सांगत नाही.)

शंका असेल तर राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, त्यांना विचारावे. जेवण टाळणे सुरू झाले किंवा नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, तर पथकाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.