मानेवर गाठ नसताना

जिभेच्या कडेला हरभऱ्याएवढी जखम. बायोप्सीत कर्करोग निघालेला. सर्जन रुग्णाच्या मानेवरून बोटं फिरवतो, हनुवटीखाली, जबड्याच्या कोनाखाली, तिथून खाली गळ्याच्या हाडापर्यंत दाबून पाहतो. गाठ लागत नाही. जिभेचा तेवढा भाग काढायचा हे ठरलेलंच असतं. अडतं ते मानेपाशी. हाताला गाठ लागत नसतानाही त्याच वेळी मान उघडून तिथल्या लसिकाग्रंथी काढायच्या, की मान तशीच ठेवून रुग्णाला घरी पाठवायचं आणि पुढे गाठ आलीच तर दुसरी शस्त्रक्रिया करायची?

या एका प्रश्नावर जगभरच्या सर्जनांमध्ये अनेक दशकं दोन तट होते. एका बाजूचं म्हणणं, डोळ्यांना न दिसणारी पेशी ग्रंथीत आधीच पोचलेली असू शकते, थांबायचं कशाला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, दहापैकी सहा-सात जणांच्या मानेत काहीच नसतं, त्यांची मान विनाकारण का कापायची? दोन्ही बाजूंना मोठमोठे सर्जन होते आणि दोन्ही बाजू अनुभवाचा हवाला देत. याचं नक्की उत्तर मिळालं मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, आणि ते मिळालं आपल्याच लोकांच्या मानेवरून.

रेवसच्या किनाऱ्यावर हे परळ काही परकं नाही. इथून भाऊच्या धक्क्यावर लाँच जाते. समुद्र शांत असेल तर तासा-सव्वातासाचं अंतर. नाहीतर अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल असा सगळा वळसा. रेवस, बोडणी, मांडवा, सासवणे या पट्ट्यातल्या माणसांना ‘टाटाला न्यायचं आहे’ म्हटल्यावर पुढचं विचारावं लागत नाही. कोळीवाड्यांत आणि आगरी गावांत तंबाखू-चुना हातावर मळणं रोजचंच, आणि बायकांमध्ये मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना घासायची. अनेकींच्या दिवसाची सुरुवात तिनं होते, आणि मग ती दिवसातून तीन-चार वेळा लागते. आतला गाल आणि हिरडी तिच्या संगतीत वर्षानुवर्षं राहते. नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे अशी बाई येते तेव्हा तक्रार बहुधा साधीच असते: तोंडातला चट्टा भरत नाही, तिखट झोंबतं, कानात कळ जाते. तोंडातला किंवा घशातला आजार कानात दुखतो, कारण त्या भागांच्या नसा एकमेकींशी जोडलेल्या आहेत. कान तपासून काही सापडलं नाही तर तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगणारा डॉक्टर म्हणूनच मोलाचा.

टाटा मेमोरियल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. सर दोराबजी टाटा ट्रस्टनं ते उभारलं. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्या दुःखातून हा विचार निघाला. पुढे १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आलं. इमारत, खाटा, यंत्रं यांची कथा बरेचदा सांगून झाली आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती प्रयोगशाळेची. पहिल्या दिवसांपासून तिची धुरा वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाकडे होती. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा वेगळ्या जागी कर्करोग का होतो, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. १९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडाचा कर्करोग जास्त, आणि विडी ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाचा आणि घशाचा, हे त्यात रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं होतं. तंबाखू आणि कर्करोग यांचं नातं विलायतेतही तेव्हा नुकतंच मांडलं जात होतं. पुढे १९७२ मध्ये फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासून प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच परंपरेतला, जरी तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतविभागातून झाला. एक लाखावर माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडात डोकावून पाहिलेलं! आजही हा आकडा वाचताना त्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीपुढे मान लवते.

तर प्रश्न मानेचा. टाटानं तो एकदा आधीही विचारला होता. १९८९ मध्ये जिभेच्या कर्करोगाच्या ७० रुग्णांवरचा अभ्यास तिथून प्रसिद्ध झाला. पण ७० माणसांत अशा वादाचा निकाल लागत नाही. फ्रान्स, ब्राझील, हाँगकाँग इथले प्रयत्नही एवढेच लहान होते. मग २००४ मध्ये डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास सुरू केला. अट अशी की आजार सुरुवातीचा असावा, जखम एका बाजूची असावी आणि मानेत गाठ लागू नये. रुग्णानं संमती दिली की दोनांपैकी कोणता मार्ग हे ना सर्जन ठरवणार ना रुग्ण. संगणक चिठ्ठी काढणार. ऐकताना हे निष्ठुर वाटतं. पण डॉक्टरला खरोखरच उत्तर माहीत नसेल तर चिठ्ठीइतकी प्रामाणिक दुसरी वाट नाही, असं माझं मत आहे. माहीत नसताना माहीत असल्याचा आव आणून केलेली शस्त्रक्रिया हीसुद्धा चिठ्ठीच असते, फक्त तिची नोंद कुणी ठेवत नाही.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली तर दुसऱ्या तटाची भीती कळते. कातडीच्या एखाद्या घडीतून छेद देऊन पदर वर उचलतात. हनुवटीखालची आणि जबड्याखालची चरबी तिच्यातल्या ग्रंथींसकट सोडवतात, मग मोठ्या शिरेच्या कडेनं वरचा आणि मधला पट्टा उतरवत खाली येतात. या वाटेवर एक पांढरी नस आडवी येते. मेंदूच्या नसांमधली ही अकरावी नस खांदा उचलणाऱ्या स्नायूला चालवते. जुन्या काळी मान पूर्ण साफ करताना ती कापली जाई आणि माणसाचा खांदा कायमचा उतरे. आता ती राखतात. पण नुसती बाजूला ओढली तरी काही महिने हात डोक्याच्या वर जात नाही. कारकुनाला हे त्रासदायक. पण होडीवरून जाळं ओढणाऱ्या, बर्फाची पाटी डोक्यावर चढवणाऱ्या माणसाला खांदा म्हणजे रोजी. म्हणून मान उघडायची तर तिनं जीव वाचतो याचा पुरावा हवा होता. ‘कदाचित बरं’ एवढ्यावर भागणारं नव्हतं.

दहा वर्षांत ५९६ रुग्ण अभ्यासात आले. २०१४ मध्ये स्वतंत्र देखरेख समितीनं आकडे पाहिले आणि पुढे नवे रुग्ण घेऊ नका असं सांगितलं, इतका फरक स्पष्ट होता. पहिल्या ५०० जणांचा हिशेब न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१५ साली छापून आला. ज्या २४५ जणांची मान पहिल्याच वेळी साफ केली त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्या २५५ जणांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. आजार न उलटता तीन वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६९.५, तर दुसऱ्यात ४५.९ टक्के. हयात राहिलेल्यांमधला फरक धरला तर आठ जणांची मान वेळेवर साफ केली की एकाचा जीव वाचतो. पहिल्या गटात काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा दहांपैकी सुमारे तिघांत कर्करोग आधीच पोचलेला होता, बोटांना न लागता. थांबलेल्यांमध्ये जी गाठ पुढे आली ती अनेकदा वेष्टन फोडून बाहेर पडलेली, हाताबाहेर जाऊ लागलेली असे. फक्त ज्यांची जखम तीन मिलिमीटरपेक्षा खोल नव्हती त्यांना मान साफ केल्याचा फायदा ठळक दिसला नाही, हेही निबंधात स्वच्छ नमूद आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या सगळ्यात मोठ्या परिषदेत हा अभ्यास मुख्य व्यासपीठावर मांडला गेला. जगभरची उपचारांची पद्धत त्यानं बदलली. त्यात कुठलं नवं औषध नव्हतं, यंत्र नव्हतं, औषध कंपनीचा पैसा नव्हता. खर्च टाटा मेमोरियल सेंटरनंच केला. असा प्रश्न कंपनी कधी विचारणारच नाही, कारण उत्तरातून विकण्यासारखं काही निघत नाही. तो सार्वजनिक रुग्णालयानंच विचारायचा असतो.

आणि हा पुरावा उभा राहिला तो रुग्ण परत आले म्हणून. तपासणीला येणं सुटलं की माणूस हिशेबातून हरवतो, आणि असे बरेच हरवले की अभ्यास पोकळ होतो. पहिल्या वर्षात दर काही आठवड्यांनी यायचं म्हणजे मजुरी बुडवायची, सोबतीला कुणाला तरी घ्यायचं, पहाटेची लाँच पकडायची, धक्क्यावरून परळ गाठायचं, फाईल घेऊन रांगेत बसायचं आणि पाच मिनिटं मान दाखवून परत फिरायचं. लांबच्यांना दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेचा आधार. निबंधावर डॉक्टरांची नावं असतात, ती असायलाच हवीत. पण त्या टक्क्यांमागे वर्षानुवर्षं केलेल्या या खेपा आहेत, आणि मला त्या शस्त्रक्रियेइतक्याच मोठ्या वाटतात.

खेपा आणि औषधाची मात्रा यांचा विचारही मग संशोधनातच आला. शस्त्रक्रियेनंतर लाइट, म्हणजे किरणोपचार, देताना सोबत सिस्प्लॅटिन हे औषध देतात. दर तीन आठवड्यांनी मोठी मात्रा दिली की ते मूत्रपिंडाला आणि कानाला झेपत नाही. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मरतात, आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात आणि ते परत येत नाहीत. म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला लहान मात्रा देण्याचा प्रघात पडला होता. डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांत दोन्हींची तुलना केली. २०१८ मध्ये आलेला निकाल प्रघाताच्या विरुद्ध गेला: दोन वर्षांनी आजार जागच्या जागी आटोक्यात राहिल्याचं प्रमाण मोठ्या मात्रेत ७३.१ टक्के, लहान मात्रेत ५८.५. आपण रोज देतो तेच औषध कमी पडतंय, हे स्वतःच छापायला धाडस लागतं. पुढे जपाननं आठवड्याची मात्रा थोडी वाढवून पाहिली, तेव्हा ती कमी ठरली नाही. आणि ज्यांचे कान किंवा मूत्रपिंड सिस्प्लॅटिन सोसणार नाहीत त्यांच्यासाठी डॉ. विजय पाटील यांच्या गटानं डोसेटॅक्सेल तपासलं. नुसत्या लाइटनं दोन वर्षांनी ४१.७ टक्के रुग्ण हयात होते, औषध जोडल्यावर ५०.८ टक्के.

ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे त्यांचाही विचार याच गटानं केला. सलाईनमधून सिस्प्लॅटिन देण्याऐवजी घरी घ्यायच्या मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या साध्या गोळ्या ४२२ रुग्णांच्या अभ्यासात सरस ठरल्या. जगण्याचा मध्य सिस्प्लॅटिननं ६.१ महिने, गोळ्यांनी ७.५. सुमारे दीड महिन्याचा फरक कागदावर लहान दिसतो. पण तो काळ वॉर्डात न जाता घरी, आपल्या माणसांत जातो. मग निवोलुमॅब हे महागडं प्रतिकारशक्तीचं औषध. श्रीमंत देशांत ते दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. इथं दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, तीन प्रकारच्या गोळ्यांच्या जोडीनं, देऊन पाहिलं. १५१ रुग्णांच्या या अभ्यासात वर्षानंतर हयात असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ज्याला पूर्ण मात्रा कधीच परवडणार नव्हती त्याच्यासाठी कोणीतरी हा हिशेब मांडला, याची मला कृतज्ञता वाटते.

 

मानेचा प्रश्न अजून पूर्ण संपलेला नाही. आठांतल्या एकासाठी बाकीच्या सातांचा खांदा का दुखवायचा, हा जुना आक्षेप खराच आहे. त्यावर फ्रान्स आणि जपान यांनी एक वाट तपासली. जखमेभोवती किरणोत्सारी द्रव टोचायचा, तो ज्या ग्रंथीकडे आधी वाहत जाईल तेवढीच काढून तपासायची आणि तिच्यात आजार असेल तरच पुढे मान साफ करायची. जपानच्या अभ्यासात तीन वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच जगले, ८७.९ आणि ८६.६ टक्के, मान आणि खांदा मात्र कमी कापलेल्यांचे बरे राहिले. पण त्याला अणुवैद्यक विभाग लागतो, प्रत्येक ग्रंथीचे अतिशय बारीक काप करून तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ लागतो, आणि त्यानंतरही रुग्णानं तपासणीला येत राहावं लागतं. ते सगळं जिथं नाही तिथं पहिल्याच वेळी मान साफ करणं आजही सुरक्षित, आणि त्याच्या जोडीला टाके निघाल्यापासून खांद्याचा व्यायाम: भिंतीला बोटं टेकवून रोज हात थोडा थोडा वर सरकवत न्यायचा, डोक्याच्या वर पोचेपर्यंत.