कुडाळहून आलेलं तेलाचं मशीन

पहाटे ५.३०

मांगरातल्या, म्हणजे माझ्या कामाच्या शेडमधल्या, लाकडी पेटीत शंभर वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत असतो. त्या उबेला वेल्डिंगचे रॉड ठेवलेले. आमचं घर मालवणात, समुद्राच्या अंगाला. इथे उघड्यावर राहिलेला रॉड ओल धरतो, मग आर्क लागताच वरचं आवरण तडकतं आणि जोडात बारीक भोकं राहतात. पेटीतले ३.१५ मिलीमीटरचे, म्हणजे दहा नंबरचे थोडे रॉड काढून घेतो. पिशवीत इन्सुलेशन मोजायचा हाताने फिरवायचा मेगर, मल्टिमीटर, टाँग टेस्टर, एक कानस, हातमोजे आणि जुना स्टीलचा चमचा. चमचा कशाला, ते पुढे येईल.

माझं वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीन गेल्या पावसाळ्यात बंद पडलं. उघडून बघितलं तर बोर्डावरच्या पायांना पांढरट-हिरवा थर. त्याचा पंखा थंडाव्यासाठी बाहेरची हवा ओढतो, आणि आमच्या हवेत मीठ असतं. ते मीठ वर्षानुवर्षं बोर्डावर बसत गेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्डच बदलावा लागेल. त्या पैशात थोडी भर घातली की नवं मशीन येत होतं. तेव्हाच मनाशी ठरवलं की आता जुनं, तेलाचं, म्हणजे तेलात थंड होणारं, तांब्याच्या वाइंडिंगचं मशीन शोधायचं.

सकाळी ७.००

भाच्याचा छोटा हत्ती टेम्पो दारात येतो. कुंभारमाठ, चौके, धामापूर, नेरूरपार असा कुडाळचा रस्ता. मे महिना, दोन्ही बाजूंनी आंब्याच्या पेट्या भरायची धावपळ. भाचा वायरमन आहे, त्याला हा सगळा खटाटोप पटलेला नाही.

"मामा, नवीन मशीन पाच किलोचा गावता. ह्यां दीडशे किलोचा धूड कित्याक घेतास?"

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला वीज जास्त ओढावी लागते. रिकाम्या मशीनच्या टोकांवर ऐंशी व्होल्ट असतात. शंभर अँपिअरवर काम केलं तर ८० गुणिले १००, म्हणजे ८,००० व्होल्ट-अँपिअर. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर हेच पस्तीस अँपिअरच्या घरात जातं. तेवढं साध्या सिंगल फेजच्या मीटरला आणि वायरिंगला झेपत नाही. दोन फेजवर, ४१५ व्होल्टला जोडलं की एकोणीस अँपिअरवर येतं. मांगराला तीन फेजचं मीटर घेतलेलं आहे म्हणून मी हा विचार करू शकतो. ज्याच्या घरी सिंगल फेज आहे त्याने जुन्या मशीनच्या नादी लागू नये, इन्व्हर्टरच घ्यावं. हे मी भाच्याला सांगतो, तेव्हा कुठे तो गप्प बसतो.

सकाळी ८.४५

कुडाळ एमआयडीसीच्या जवळ एक फॅब्रिकेशनचं जुनं दुकान. मालक आता थकले आहेत आणि मुलाने सगळं काम हलक्या मशीनवर नेलं आहे. शेडच्या मागे दोन मशीनं ताडपत्रीखाली ठेवलेली.

"काकानू, मशीन कधीचा?"

"रेल्वेचा काम संपला तेव्हा कंत्राटदाराकडसून घेतलंय."

कोकण रेल्वेचं काम १९९० साली सुरू झालं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी अख्खा मार्ग सुरू झाला. पूल, बोगदे, स्टेशनांच्या शेड यांसाठी आलेली कितीतरी अवजारं नंतर इथल्याच दुकानांत जिरली. त्या रेल्वेने आमच्या जिल्ह्याला मुंबई जवळ केली, आणि गावोगावच्या वेल्डरांना हत्यारंही दिली. हे दुसरं सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पहिलं मशीन हवेवर थंड होणारं, रंग नवा, किंमत कमी. वाइंडिंगचं टोक जिथे बाहेर येतं तिथे कानस हलकेच घासली. आत पांढरं, म्हणजे ॲल्युमिनियम. बाहेरचे लग मात्र तांब्याचे होते. नुसते लग बघून कुणी तांब्याचं मशीन म्हणून पैसे मोजले असते. किनाऱ्यावर ही जोडी मुळीच चालत नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारी ओल शिरली की ॲल्युमिनियम खायला लागतं, सांधा सैल होतो, तापतो, शेवटी जळतो. तरी मेगर लावला. दांडा फिरवला तर काटा शून्याकडे आला. वाइंडिंग ओलं किंवा जळकं. दिव्याने आठवडाभर सुकवून कदाचित सुधारेलही, पण मला ते नको.

दुसरं तेलाचं. चौकोनी टाकी, वर करंट कमी-जास्त करायचं चाक, रंग उडालेला. टाकीचं झाकण उघडून तेलाच्या वर आलेल्या पट्टीवर कानस फिरवली आणि तांबूस रेघ उठली. मन सुखावलं, पण खरं काम इथून पुढेच. भंगारवाला असं मशीन तांब्याच्या वजनावर घेतो. चालवणाऱ्याने मात्र पैसे मोजायचे ते तांब्यावर गुंडाळलेल्या इन्सुलेशनचे. तांबं शंभर वर्षं टिकतं. त्याच्यावरचा कागद, कापड, वार्निश टिकलं असेल तरच ते मशीन, नाहीतर नुसता गोळा.

मेगर लावला. प्रायमरी ते बॉडी, काटा चाळीस मेगाओहमवर स्थिर. प्रायमरी ते सेकंडरी त्याहून वर. सेकंडरी ते बॉडी मात्र जेमतेम दोन. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी टर्मिनलची बेकलाइटची पट्टी बघत होतो. तिच्यावर वर्षानुवर्षांचा काळा थर, ग्राइंडरची लोखंडी धूळ आणि खार एकत्र बसलेला. पट्टी घासून, स्पिरिटच्या फडक्याने पुसून, उन्हात वाळू दिली. पुन्हा दांडा फिरवला तर काटा वीसच्या पुढे. दोष वाइंडिंगचा नव्हता, वरच्या मळाचा होता. पाचच्या खाली काटा राहिला असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

आता चमचा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसतं. तळाच्या कॉकमधून थोडं तेल काढलं, चमच्यात घेऊन खालून ज्योत दाखवली. पाण्याचा अंश असेल तर तडतडतं. हे शांतपणे तापलं आणि धूर निघाला. रंग चहासारखा गडद झालेला, पण कोरडं. तेल बदलायचं आहेच. हातमोजे मात्र काढले नाहीत. जुन्या विद्युत तेलांत पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं. केंद्र सरकारने २०१६ साली त्याच्या वापराविरुद्ध आदेश काढला तो यासाठीच. असं तेल परसात, विहिरीच्या जवळ ओतणं म्हणजे आपल्याच पाण्यात विष कालवणं.

सकाळी ११.००

चालवून बघणं. आधी दहा मिनिटं रिकामंच. टाँग टेस्टर दोन अँपिअरच्या आत. आतल्या तारेचे वेढे एकमेकांना चिकटले असते तर रिकाम्या मशीनने जास्त करंट घेतला असता आणि टाकी कोमट झाली असती. टोकांवर शहात्तर व्होल्ट. गुणगुण एकसारखी, खडखड नाही, म्हणजे कोअरच्या पट्ट्या घट्ट आहेत. चाक गंजाने अडत होतं, ग्रीस दिल्यावर पूर्ण फिरलं.

मग गंजकी पट्टी साफ करून दहा नंबर रॉड लावला. चाक थोडं पुढे-मागे केल्यावर कढईत बोंबील सोडल्यासारखा अखंड आवाज सुरू झाला. तो आवाज ऐकणं हेच निम्मं परीक्षण. तुटत असेल तर करंट कमी, फडफडत थेंब उडवत असेल तर जास्त. स्लॅग हातोडीच्या एका टिचकीत सुटला आणि खाली सारख्या लाटांचा जोड दिसला.

आवरण दिलेल्या रॉडचं पेटंट स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास घेतलं. त्याआधी उघड्या तारेने जोडायचे आणि वितळलेलं लोखंड हवेतला प्राणवायू, नायट्रोजन ओढून ठिसूळ व्हायचं. आवरण जळून वायूचं कवच देतं, वर स्लॅगचं पांघरूण घालतं. भारतात हे रॉड घरोघरच्या वर्कशॉपात पोचवणाऱ्यांत १९५१ साली सुरू झालेली ॲडव्हानी-ओर्लिकॉन आघाडीवर. ती आता ॲडोर वेल्डिंग म्हणून ओळखली जाते. काकांच्या कपाटात तिचा एक जुना पत्र्याचा डबा अजून आहे. आत खिळे ठेवलेत.

भाव सोळा हजारांपासून सुरू झाला.

"भंगारवालो तांब्याच्या भावान मागता हा. पण मी कापूक दिवचंय नाय. चालवणाऱ्याक देतंय."

साडेतेरावर ठरलं. काकांनी केबल आणि होल्डर वर घातले. होल्डरची फायबरची मूठ तडकलेली, ती मी बाजूला ठेवली. उघड्या मुठीवर ओला हात पडला तर शहात्तर व्होल्टसुद्धा जीव घेतात. घरच्या बोर्डावरचा ईएलसीबीही तेव्हा उपयोगी पडत नाही, कारण सेकंडरीचा लाइनशी थेट संबंध नसतो आणि त्याला गळती दिसतच नाही. कंजुषी कुठेही करावी, होल्डर आणि हातमोजे यांच्यात नको.

दुपारी २.३०

उभं ठेवूनच आणलं. आडवं केलं तर तेल सांडतं. चौघांनी बांबूवर घेऊन मांगरात ठेवलं, खाली जांभ्याचे चिरे. जेवण उशिरा, पेडवे आणि भात.

संध्याकाळी ४.३०

जोडणी भाच्याची. दोन फेज, योग्य एमसीबी, बॉडीला स्वतंत्र अर्थिंग. जांभा मे महिन्यात कोरडा ठाक पडतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. दोन घागरी पाणी ओतून मग मीटरने तपासलं. रिटर्नची केबल जोडाच्या जवळच पकडायची. लांबून कुठेतरी टाकली तर करंट मधल्या वाटा शोधतो आणि बेअरिंगं नाहीतर साखळ्या खराब करतो.

संध्याकाळी ६.३०

शेजारचा भाऊ नांगर घेऊन हजर. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी, त्यामुळे सगळी दुरुस्ती आता तोंडावर. नांगराचा एक दात सुटलेला. जुना जोड ग्राइंडरने पूर्ण काढला, चांगलं लोखंड दिसेपर्यंत. लाइन थोडी पडलेली आहे, पर्यटकांचे एसी सुरू झाले की रोजचंच. चाक अर्धा फेरा पुढे घेतलं.

प्रत्येक थरानंतर स्लॅग काढून, ब्रशने घासून मगच पुढचा थर. मालवणात हे सांगावं लागू नये. इथल्याच राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. चौकशी समितीच्या अहवालात गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं आल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं. आम्हा जोडकाम करणाऱ्यांना ती बातमी वाचताना जे झालं ते सांगता येत नाही. खाऱ्या हवेत आत राहिलेला स्लॅगचा कण, न रंगवलेली कड, एवढंही पुरतं. गंज तिथूनच आत शिरतो.

"झाला मरे? न्हेतंय."

"ऱ्हव. प्रायमर लागल्याशिवाय देवचंय नाय. उद्या सकाळी ये."

तो हसला, पण नांगर ठेवून गेला.

रात्री ८.३०

टाकीला हात लावून बघतो. कोमट, एवढंच. वहीत आजची मापं उतरवून ठेवतो: तिन्ही मेगर, रिकाम्याचा करंट, टोकांवरचे व्होल्ट. दर पावसाळ्याआधी आणि नंतर हेच पुन्हा घ्यायचं, म्हणजे इन्सुलेशन कुठे खालावतंय ते वेळीच कळेल. तेल जूनच्या आत बदलायचं. झाकणाची रबरी पट्टी कडक झाली आहे, भाच्याला कणकवलीहून नवी आणायला सांगितली आहे.