शिट्टी त्याची, शिव्या आपल्या

तारीख ७ ऑक्टोबर २०२३, शनिवार, दुपार. तुम्ही कबड्डी बघणारे असाल तर त्या दिवशी इराणला काय काय म्हणालात ते जरा आठवा. घरी आजी शेजारी बसली असेल तर मनातल्या मनात म्हणाला असाल. होस्टेलवर असाल तर मोठ्यानं. आणि चाकणला शिफ्टला असाल तर जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर स्कोअर बघता बघता.

हांगझोऊ एशियाडमधली पुरुष कबड्डीची फायनल. भारत २८, इराण २८. एक मिनिट आणि वर थोडे सेकंद शिल्लक. पवन सेहरावत ‘डू ऑर डाय’ चढाईला गेला. कुणालाही हात न लावता त्याचा पाय बाजूच्या लॉबीत पडला आणि त्याला रोखायला धावलेले इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग लॉबीत घुसले.

आता इथं थोडं थांबू, कारण सगळी भानगड इथंच आहे. मॅटच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची पट्टी असते, ती लॉबी. चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श झाला की मगच ती खेळात धरतात. स्पर्श नसताना तिथं पाय टाकला की बाद. मग पवन बाद, हे सरळ आहे. पण त्याच्या मागून आलेले बचावपटू? जुन्या नियमानं तेही बाद. प्रो कबड्डीत वापरात आलेल्या नव्या नियमानं फक्त चढाईपटू बाद, बाकीचे सुरक्षित. हांगझोऊच्या त्या मॅटवर नक्की कोणता नियम चालू आहे, यावरच अधिकाऱ्यांचा घोळ झाला. आधी दोघांना एक-एक गुण दिला. भारतानं दाद मागितली, निर्णय फिरला. मग इराणचे खेळाडू मॅटवर बसले, निर्णय पुन्हा फिरला. मग आपले बसले. एशियाडची फायनल तासभर ठप्प! शेवटी भारताला ३, इराणला १. सामना ३३-२९ नं आपण जिंकला.

चिडायला कारण होतंच. १९९० पासून २०१४ पर्यंत एशियाडमधली कबड्डीची सगळी, म्हणजे सातही सुवर्णपदकं आपल्या पुरुषांची. २०१८ ला जकार्तात याच इराणनं सेमीफायनलमध्ये २७-१८ असं हरवलं होतं. ‘आपल्या’ खेळात आपल्याला हरवणं म्हणजे आपल्याच अंगणात येऊन आपल्याच विटीनं खेळून जाणं. जखम जुनी होती, हांगझोऊला तिची खपली निघाली एवढंच.

आता पुढची तारीख. ९ ऑक्टोबर २०२३. बरोबर दोन दिवसांनी. मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव होता. इराणचा जो मोहम्मदरेझा शादलुई त्या फायनलमध्ये आपल्या डोळ्यांत खुपत होता, त्याला २ कोटी ३५ लाखांना विकत कुणी घेतलं? आपल्या पुणेरी पलटणनं. तोवर लीगमध्ये कुठल्याही परदेशी खेळाडूला एवढा भाव मिळाला नव्हता. डिसेंबरात बालेवाडीला पलटणचे सामने झाले. शादलुईनं पकड केली, मांडीवर थाप मारली आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्याच मोसमात पलटणनं पहिल्यांदा लीग जिंकली. कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा पोरगा, जो हांगझोऊला त्याच शादलुईच्या विरुद्ध भारताच्या संघात होता.

म्हणजे दोन महिन्यांत शत्रूचा ‘आपला शादलुई’ झाला. मोशीतून मित्रांबरोबर बाइकवर ट्रिपल सीट बालेवाडीला गेलेल्यांपैकी तुम्ही असाल तर सांगा, तो राष्ट्राभिमान होता की आणखी काही? (ट्रिपल सीटबद्दल इथं काही बोलत नाही.) बरं, आणखी एक. २०१८ ला जकार्तात इराणच्या मुलींनीही फायनलमध्ये आपल्या मुलींना हरवलं. त्यांच्या प्रशिक्षक कोण होत्या माहितीये? शैलजा जैन. नाशिकच्या. त्या रागात ही गोष्ट किती जणांनी स्टेटसला टाकली?

हे सगळं मी तुम्हाला टोमणा मारायला सांगत नाहीये. राग येणं काही वाईट नाही, राग न येणारा माणूस सामना बघतच नाही. पण मला प्रश्न पडला तो असा: हांगझोऊला निकाल आपल्या बाजूनं का लागला? आपण मोबाइलवर ओरडलो म्हणून नाही. टेबलाजवळ आपली माणसं उभी होती, हातात नियम होता आणि ती तासभर हटली नाहीत. त्या टेबलाजवळ आपलं कुणीच नसतं, तेव्हा काय होतं?

त्यासाठी १९५२ च्या हेलसिंकीला जावं लागेल. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक देणारे. आपण पाचवीपासून एवढंच वाचतो. त्या पदकाच्या आधीचा आणि नंतरचा भाग वाचतच नाही.

आधीचा भाग असा. ऑलिम्पिकच्या निवडीआधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथं मुद्दाम एक गुण कमी देऊन आपल्याला मागं ठेवलं, असा खाशाबांचा आरोप होता. म्हणजे पहिला वाद परदेशी पंचाशी नाहीच, घरच्याच पंचाशी. त्यांनी काय केलं? कुस्तीचे शौकीन असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत लावली गेली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं. मग पैशांचा प्रश्न. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. गावानं वर्गणी काढली. (आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांसमोर ही ओळ वाचून दाखवू नका.)

आणि हेलसिंकीतला भाग. जपानच्या शोहाची इशीबरोबरची दमवणारी कुस्ती खाशाबा थोडक्यात हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम टेबलावर जाऊन सांगायला तिथं एकही भारतीय अधिकारी नव्हता, असं पुढं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. खाशाबा दमलेल्या अंगानं उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामदबेयोवला रौप्य, आपल्याला कांस्य.

विचार करा, तिथं मॅटवर कुणी डोळे झाकून चुकीचा गुण दिला नव्हता. फक्त एका माणसानं कोट सावरत पुढं येऊन ‘साहेब, अर्धा तास’ एवढं म्हणायचं होतं. खाशाबा परत आले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण हवा होता तो एक माणूस हेलसिंकीत. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, त्यांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी.

याच्या उलट गोष्ट १९८१ ची, मेलबर्नची. फेब्रुवारीत तिसरी कसोटी चालू होती. सुनील गावसकर ७० वर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागलाय, असं गावसकर सांगत राहिले. त्यात लिलीचं तोंड सुटलेलं. गावसकर इतके भडकले की समोरच्या चेतन चौहानलाही हात धरून ‘चल’ म्हणाले आणि दोघं निघाले. चौहान म्हणजे पुण्यात वाडिया कॉलेजला शिकलेले, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, तेव्हा हा तसा आपल्या पुण्याचाच मामला. चौहाननं सीमारेषा ओलांडली असती तर भारतानं सामना सोडला असं धरलं गेलं असतं. पण दोरीपाशी संघाचे मॅनेजर विंग कमांडर शाहिद दुराणी उभे होते. त्यांनी चौहानला तिथंच अडवलं. गावसकर आत गेले, वेंगसरकर खेळायला आले.

पुढं काय झालं? ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हवे होते. कपिल देवनं दुखऱ्या पायानं २८ धावांत ५ बळी घेतले आणि कांगारू ८३ ला गुंडाळले. ५९ धावांनी सामना आपला, मालिका १-१. गावसकरांनी नंतर त्या बाहेर पडण्याबद्दल पश्चात्तापही बोलून दाखवला. आज कुणी तो व्हिडिओ लावला की आपण गावसकरांचा बाणेदारपणा बघतो. माझं लक्ष दुराणींकडे जातं.

‘अगं, पण आता कॅमेरे आहेत ना?’ आहेत. टीव्ही रिप्ले बघून बाद दिला गेलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिनच, १९९२, डर्बन. आणि तरीही जून २०२४ ला दोह्यात वर्ल्डकप पात्रता फेरीत कतारविरुद्ध आपण १-० नं पुढं असताना चेंडू गोललाइनच्या बाहेर गेला, तो ओढून आत आणला गेला आणि गोल दिला गेला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. आपण २-१ नं हरलो, बाहेर पडलो. फेडरेशननं तक्रार केली. निकाल बदलला नाही.

आता घरी येऊ. मोशीवरून नाशिक हायवेनं पंचवीसेक किलोमीटर गेलं की राजगुरुनगर. शिवराज राक्षे तिथला. त्यामुळे २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत जे झालं, त्यानं आपला पट्टा जरा जास्तच पेटला. गादी विभागाच्या फायनलला पंचांनी पृथ्वीराज मोहोळनं शिवराजला चितपट केल्याचं दिलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा, असं शिवराजचं म्हणणं. ते ऐकलं गेलं नाही. मग त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच रात्री मुख्य फायनलला महेंद्र गायकवाडही वाद घालत कुस्ती सोडून गेला. दोघांवर ३ वर्षांची बंदी. पुढं चौकशी बसली आणि पंचांवरही निलंबनाची कारवाई झाल्याच्या बातम्या आल्या.

म्हणजे शिवराजचं म्हणणं कदाचित बरोबर होतं. पण लाथेनंतर ते ऐकायला कोण थांबणार? लोकांना लाथ दिसली, खांदा कुणाच्या लक्षातच राहिला नाही. मला विचाराल तर त्याच्या रागापेक्षा व्यवस्थेचा गुन्हा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन पंच असतात आणि चितपट एकट्याच्या मतानं देता येत नाही, दोघांचं एकमत लागतं. एवढी काळजी जिथं घेतात, तिथंही वाद होतात. आणि आपल्याकडं तर मानाची गदा आणि थार गाडी पणाला लागलेली असते.

दोन वर्षं आधी, जानेवारी २०२३ ला कोथरूडला, सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. बाहेरच्या टांगेवर महेंद्रला ४ गुण दिले आणि महाराष्ट्र दोन भागांत फुटला. डावाचे किती गुण, हा खरं तर तांत्रिक प्रश्न. दोन दिवसांत त्याला जात, धर्म, जिल्हा सगळं चिकटलं. पंचांना फोनवरून धमकी आली, प्रकरण पोलिसांत गेलं. समोर परदेशी संघ नव्हता म्हणून आपण आपल्यातच परदेश शोधला. त्याच नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरनं शिवराजला झटपट चीत करून गदा नेली. त्या दिवशी पंचाला काही कामच उरलं नाही.

आपल्या भागात कबड्डी नाही असं मंडळ सापडणार नाही. भोसरी, मोशी, चिखली, कुठंही जा. रात्री फ्लडलाइटखाली सामने, बक्षिसाला मोठमोठ्या ढाली, स्टेजवर सगळ्या पक्षांचे नेते. आणि मैदानावर पंच. राज्य कबड्डी असोसिएशनची पंच परीक्षा पास होऊन आलेला, बहुतेक वेळा दिवसा शाळेत किंवा कंपनीत नोकरी करणारा माणूस. शेवटच्या चढाईला बोनस दिला की घरच्या मंडळाची पोरं गोल करतात, नाही दिला की पाहुण्यांची. मानधन विचाराल तर पेट्रोल धरून फार उरत नाही.

तुमच्यापैकी कितीजण खेळायचं सोडून आता फक्त बघतात? गुडघा गेला, नोकरी लागली, सीईटी आली. ती पंच परीक्षा तुम्हालाही देता येते. लेखी असते, तोंडी असते, मैदानावर सामना चालवून दाखवावा लागतो. लॉबीचा प्रश्न हमखास येत असणार.