भालकी-उदगीरचा प्रश्न जगापुढे नेताना

बीदरहून लातूर रोडकडे निघालेली गाडी भालकी, कमलनगर करत उदगीरला येते. वाटेत राज्याची हद्द लागते, पण डब्यातली मराठी तिथे थांबत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा टापू हैदराबाद राज्यातल्या एकाच बीदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत त्याचे तीन वाटे झाले. भालकीसह बीदर म्हैसूर राज्यात गेलं, उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मुंबई राज्यात आले, तर जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशाकडे गेले. पुढे म्हैसूरने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, १९६१ मध्ये नगर व ग्राम नियोजनाचा कायदा केला आणि महाराष्ट्राने १९६६ मध्ये प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा. त्यामुळे एकेकाळी एकाच जिल्ह्यात असलेली, एकाच रेल्वेमार्गावरची भालकी आणि उदगीर ही दोन गावं जवळपास साठ वर्षं दोन वेगळ्या कायद्यांखाली वाढत आली आहेत. शहराला आकार कायदा देतो, की जमिनीची मालकी, बाजारपेठ आणि जातवार वस्त्या देतात, हा नगरनियोजनातला जुना वाद आहे. त्याची पारख करायची तर सुरुवात सारखी आणि पुढची वाट वेगळी अशी गावं हवीत. बीदर-कलबुर्गी भागात नुकतीच संशोधनाला लागलेली मुलंमुली अशा गावांतच राहतात.

असा विषय हाताशी असूनही त्यावरचं काम बहुतेकदा प्रबंधाच्या जाड पुठ्ठ्यात बंद होऊन कपाटात जातं. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: इथल्या मुलांचं इंग्रजी कच्चं. हे उत्तर अपुरं आहे, आणि त्याच्यामुळे मदतही चुकीच्या जागी खर्ची पडते. इंग्रजीची अडचण खरी असली तरी तिचा नंबर तिसरा. पहिली अडचण, आपल्या सामग्रीत जगाला विचारावासा वाटेल असा प्रश्न कुठे दडला आहे हे ओळखण्याची. दुसरी, लेखाच्या पहिल्या खर्ड्यापासून छापील पानापर्यंत सोबत राहणाऱ्या जाणत्या वाचकाची. या दोन गोष्टी मिळाल्या तर सीमाभागातला संशोधक मागे नाही, उलट चार पावलं पुढे आहे, कारण मराठी, कन्नड आणि दखनी-उर्दू या तिन्ही भाषांत कान असलेला अभ्यासक पुण्या-बंगळुरूच्या संस्थांतही सहज सापडत नाही.

आधी नियतकालिकांचं काम कसं चालतं ते पाहू. लेख आला की संपादक तो स्वतः चाळतात. यातच बरेच लेख परत जातात, आणि कारण बहुधा व्याकरणाचं नसतं. लेख त्या नियतकालिकाच्या चर्चेत कुठे बसतो हे कळत नाही, किंवा त्यात माहिती आहे पण प्रश्न नाही, म्हणून ते नकार देतात. या चाळणीतून उतरलेला लेख दोन-तीन समीक्षकांकडे जातो. ते कोण हे लेखकाला कळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी लेखक कोण हे त्यांनाही कळत नाही. काही महिन्यांनी लांबलचक शेऱ्यांसह पत्र येतं: मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा. नवख्याला हा नकार वाटतो आणि तो लेख मिटवून ठेवतो. प्रत्यक्षात ही उघडी ठेवलेली वाट असते. प्रत्येक शेऱ्याखाली आपण काय बदललं, कोणत्या पानावर बदललं, आणि जे बदललं नाही ते का, हे शांतपणे लिहून पाठवायचं असतं. हे उत्तराचं पत्र लिहायला कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. ते ज्याने आधी लिहिलं आहे त्याच्याशेजारी बसूनच शिकावं लागतं.

आता प्रश्न ओळखणं म्हणजे काय ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या प्रबंधात ‘भालकी शहरातील अनधिकृत लेआउटांचा अभ्यास’ असं प्रकरण आहे. त्यात सर्व्हे नंबर आहेत, नकाशे आहेत, शंभरेक घरांच्या मुलाखती आहेत. परदेशातल्या संपादकाला भालकी माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही. पण याच प्रकरणाशेजारी उदगीर ठेवून पाहा. शेतजमिनीचे तुकडे पाडून बिनपरवाना प्लॉट विकण्याला महाराष्ट्रात गुंठेवारी म्हणतात, आणि ती नियमित करण्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. कर्नाटकात याच कामासाठी आणलेल्या अक्रम-सक्रम योजनेला २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मालकी दाखवायला उदगीरचा माणूस सातबारा काढतो, भालकीचा पहाणी आणि खाता. मग प्रश्न असा होतो: नियमित होण्याची आशा जिथे कायद्याने दिली आणि जिथे ती कोर्टात अडकली, तिथे गरीब कुटुंबं घर बांधताना वेगळे निर्णय घेतात का? नायजेरिया, ब्राझील, इंडोनेशियातल्या शहरांतही हाच प्रश्न लोकांना रोज पडतो. सामग्री तीच राहिली, मुलाखतीही त्याच, पण आता भालकी हे जगाच्या चर्चेतलं एक उत्तर झालं. आणि हा लेख लिहायला सातबाराही वाचता यावा लागतो, पहाणीही.

बीदर शहरातच दुसरं उदाहरण आहे. नौबादजवळ बहमनी काळातली करेज आहे, कन्नडात तिला सुरंग बावी म्हणतात. बीदरचं पठार जांभ्या दगडाचं. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या कठीण काळ्या कातळावर अडतं. तिथे हलक्या उताराचा बोगदा खोदून ते पाणी वस्तीपर्यंत आणलं, आणि हवा व सफाईसाठी वरून ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी पाडल्या. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना लगेच समजेल. इतिहासकार तिचं वय काढतील, भूगर्भशास्त्रज्ञ तिचं पाणी मोजतील. नगरनियोजनाच्या अभ्यासकाने विचारायचं ते वेगळं: प्लॉटची मंजुरी जमिनीच्या वरच्या पृष्ठभागापुरती पाहणारी यंत्रणा, अनेक प्लॉटांच्या पोटातून जाणारा एक सलग बोगदा कसा राखणार? इराणपासून मोरोक्कोपर्यंत अशा जलवाहिन्या असलेल्या शहरांना याचं उत्तर हवं आहे.

लहान गावांच्या अभ्यासाला बाहेर कोण विचारतं, अशी शंका येईल. एकेकाळी ती रास्त होती, कारण सिद्धांत लंडन-शिकागोवरून निघायचे आणि बाकीची शहरं उदाहरणापुरती असायची. ते चित्र आता बदललं आहे. जेनिफर रॉबिन्सन यांनी २००६ च्या ‘ऑर्डिनरी सिटीज’ या पुस्तकात मांडलं की सिद्धांत घडवण्याचा हक्क मोजक्या महानगरांचा नाही, सगळ्याच शहरांचा आहे. २०१२ मध्ये एरिक डेनिस, पार्थ मुखोपाध्याय आणि मारी-एलेन झेरा यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दाखवलं की भारतातली कित्येक लहान गावं महानगरांच्या ओढीने नव्हे, स्वतःच्या बळावर शहरं होत आहेत. जनगणनेची भाषा वापरायची तर ‘सेन्सस टाउन’, म्हणजे कागदोपत्री खेडी पण लक्षणांनी शहरं, २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. किल्लारीचं उदाहरण तर आपल्या शेजारचंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावंच्या गावं उचलून रुंद रस्त्यांच्या चौकटीत बसवली गेली. त्याचं लोकांच्या जगण्यावर काय झालं याचा अभ्यास रोहित जिग्यासू यांच्या नॉर्वेतल्या डॉक्टरेटचा भाग झाला आणि आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाच्या जागतिक चर्चेत पोचला.

जाणत्या वाचकाची सोबत काय करू शकते, याचा पुरावा मराठी माणसाच्याच इतिहासात आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तेव्हा संस्कृतचे पदवीधर होते. मुंबई शहरावरचा त्यांचा निबंध गेडिसना पटला, त्यांच्या शिफारशीवर घुर्ये इंग्लंडला गेले, आणि १९३२ मध्ये त्यांचा जातिव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनहून निघाला. गेडिसनी त्यांचं इंग्रजी घोटून घेतलं म्हणून हे झालं नाही. आपलं शहर हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे हे एका अनुभवी माणसाने तरुणाला दाखवलं, आणि त्याच्या कामाला आपल्या शब्दाचं वजन दिलं. पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेत हीच गोष्ट संघटितपणे केली. पुण्याच्या आणि नंतर कलबुर्गीच्या शेजारच्या सोलापूरच्या सामाजिक-आर्थिक पाहण्या संस्थेच्या नावाने छापून निघाल्या. एकट्या संशोधकाला न झेपणारं काम संस्था उचलू शकते, हे त्यातून दिसतं.

आजही अशी सोबत अगदीच दुर्मीळ नाही. ‘ऑथरएड’ हा उपक्रम विकसनशील देशांतल्या नवख्या लेखकांना अनुभवी संशोधकांशी विनामूल्य जोडून देतो. अर्बन स्टडीज फाउंडेशन ग्लोबल साउथमधल्या अभ्यासकांना मार्गदर्शकाच्या सहवासात काही महिने फक्त लेखनासाठी मिळावेत म्हणून पाठ्यवृत्ती देते. पण या दारांपर्यंत जायलाही कुणीतरी पहिला हात धरावा लागतो, आणि तो जवळचाच असावा लागतो.

आता इंग्रजीकडे वळू. ‘एन्व्हायर्नमेंट अँड अर्बनायझेशन’ हे नियतकालिक स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच लेखही स्वीकारत आलं आहे आणि ते भाषांतर करून छापतं. म्हणजे संपादकाने मनात आणलं तर भाषेची अडचण लेखकाच्या डोक्यावर न टाकता संस्थेला सोडवता येते. मराठी आणि कन्नड त्या यादीत नाहीत, म्हणून हा भार इथल्या विद्यापीठांनी उचलावा. भाषा तपासून देणारं एखादं पद, किंवा इंग्रजी विभागाशी ठरवलेली व्यवस्था एवढ्याने बरंच भागेल. मात्र मदत आणि परभारे लिहून घेणं यातली रेघ ठळक हवी. वाक्य नीट करून देणं ही मदत झाली. युक्तिवाद दुसऱ्याने रचला आणि नाव आपलं लावलं, तर ती लबाडी. मार्गदर्शकाने काम न करता नाव घुसडणं हाही तोच दोष, आणि त्यात नुकसान विद्यार्थ्याचंच होतं.

पैशाचा आक्षेप याहून जड आहे. खुल्या प्रवेशाची काही नियतकालिकं एका लेखाला हजारो डॉलर मागतात. ते खरंच आहे, पण वर्गणीवर चालणारी बहुतेक नामांकित नियतकालिकं लेखकाकडून काहीच घेत नाहीत, ही गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. त्या अज्ञानावर बनावट नियतकालिकांचा धंदा पोसला जातो. चार दिवसांत स्वीकृती, समीक्षकाचा पत्ता नाही, आणि शुल्क मात्र आधी. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या, पण कोणत्याही नामांकित निर्देशसूचीत (इंडेक्स) नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. पुढे आलेली यूजीसी-केअर यादीही आता बंद झाली आहे. यादी नसताना नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थेवर येते, आणि तरुणाच्या हातात पारखी नजर देणं ही त्याच्यासाठी सगळ्यात मोठी मदत ठरते. वाचनाची अडचण मात्र हलकी झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. कलबुर्गीचं गुलबर्गा विद्यापीठ असो की आळंद तालुक्यातल्या कडगंचीचं केंद्रीय विद्यापीठ, तिथल्या विद्यार्थ्याला ताजे अंक वाचता न येण्याचं कारण उरलेलं नाही. खासगी कॉलेजांतल्या मुलांना मात्र ते दार अजून बंद आहे, आणि आपल्या भागात ती मुलं थोडी नाहीत.

सगळ्यात मोलाचा आक्षेप शेवटचा. हे सगळं बाहेरच्यांसाठी कशाला? नौबादच्या करेजवर लिहायचं तर बीदरच्या नगरसेवकाला कळेल अशा भाषेत लिहावं. हे म्हणणं मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा ‘हे किंवा ते’ मान्य नाही. परक्या समीक्षकाने उलटतपासणी केलेला निष्कर्ष हाती असेल तर नगरपालिकेच्या टेबलावर त्याचं वजन वाढतं, आणि मास्टर प्लॅनवर हरकत नोंदवणाऱ्या नागरिकाला आधार मिळतो. म्हणून प्रत्येक आंतरराष्ट्रीय लेखासोबत त्याचा मराठी आणि कन्नड सारांश आपल्या गावात वाटला जावा, ही अट मदत देणाऱ्या संस्थेनेच घालावी.

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. कलबुर्गी, बीदर, सोलापूर आणि लातूर इथल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून दोन खर्डे वाचावेत. हा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरला जावा. उर्दूतले जुने महसुली कागद, मराठीतले विकास आराखडे आणि कन्नडातल्या महायोजना यांची एकच सूची व्हावी, आणि तिच्यात गुलबर्गा व २०१४ नंतरचं कलबुर्गी ही दोन्ही नावं असावीत, म्हणजे शोधणाऱ्याला अर्धं साहित्य हुकणार नाही. १९५६ च्या पुनर्रचनेने जुन्या बीदर जिल्ह्याची दप्तरं तीन राज्यांत विखुरली. ती पुन्हा शेजारी मांडण्याइतक्या भाषा या भागातल्या मुलांना घरातूनच मिळालेल्या आहेत. त्यांना हवा आहे तो खर्डा वाचून परत देणारा माणूस.