काळ्या रानातील वाहन : चाके, उंची आणि गिअर

वसमतच्या शिवारातून पावसाळ्यात ज्याने एकदा वाहन हाकले आहे, त्यास चिखल म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील ही जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेली, खोल आणि भारी आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळल्यावर आकसून हातभर खोल भेगा पाडते. उन्हाळ्यात जी वाट खडकासारखी वाजते, तीच मृगाच्या एका चांगल्या सरीनंतर चाकाला अशी बिलगते की चाक फिरावयाचे थांबून नुसते फरफटत जाते. बैलगाडी, सायकल, जीप आणि ट्रॅक्टर या साऱ्यांना हा न्याय सारखाच लागू आहे.

येलदरी व सिद्धेश्वर येथील धरणांमुळे या भागास कालव्याचे पाणी मिळाले. त्यामुळे ऊस वाढला, वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि हळदीने तर गावाचे नाव दूरवर नेले. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. तथापि ही दोन्ही पिके वजनदार आहेत. हेक्टरी ८० टन ऊस धरला, तर ५ टनांची एक खेप याप्रमाणे एका हेक्टरातून १६ खेपा बाहेर काढाव्या लागतात. गाळपाचा हंगाम सुरू होतो तेव्हा परतीच्या पावसाची ओल पुष्कळदा जमिनीत असतेच, आणि कालव्याच्या कडेच्या रानात पाणीपाळीची ओल त्यात भर घालते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा. ट्रॉली पांदणीत दोन दिवस रुतून बसली की वजन घटते, साखर उतरते, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरी पडते. रुतलेले वाहन काढण्याच्या धांदलीत माणसे दगावतात ती हानी याहून मोठी आहे, व ती कोणत्याच हिशेबात भरून निघत नाही.

वाहन अडू लागले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो अधिक अश्वशक्तीचा. हा विचार तपासून पाहणे इष्ट होय. समजा, भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन ५,००० किलो आहे. डांबरी सडकेवर ती ओढण्यास वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १०० किलो ओढ पुरते. ओल्या काळ्या रानात चाक जमिनीत उतरते, पुढे मातीचा बांध तयार होतो, व हेच प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत सहज जाते. मग लागणारी ओढ ७५० किलो होते. आता ट्रॅक्टरकडे पाहावे. मागील चाकांवर १,३०० किलो भार असला व ओल्या चिकणमातीत चाकांची पकड त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी धरली, तर चाके घसरण्यापूर्वी फार तर ४३० किलो ओढ मिळू शकते. येथे इंजिन ४० अश्वशक्तीचे असो की ६० चे, ट्रॉली हलणार नाही. अधिक शक्तीचे इंजिन चाके अधिक वेगाने फिरवील आणि खड्डा अधिक लवकर खोल करील, एवढाच काय तो फरक. यास्तव प्रथम विचार करावयाचा तो चाकांचा, भाराचा व जोडणीचा. इंजिनाचा विचार त्यानंतर.

टायर

काळ्या रानात टायरची रुंदी व त्यावरील नक्षी या दोहोंस महत्त्व आहे. चिखलाचा थर चार बोटांचा असून खाली कठीण मुरूम असेल, तर अरुंद टायर तो थर कापून खालच्या मुरमास भिडतो व पुढे जातो. पूर्णाकाठच्या खोल जमिनीस मात्र असा कठीण तळ जवळपास नसतो. तेथे अरुंद टायर सुरीप्रमाणे आत शिरतो, म्हणून रुंद टायर घेणे सोयीचे. लोखंडी धावेच्या बैलगाडीच्या जागी हवेच्या टायरची गाडी आली, तेव्हा त्याच बैलजोडीला अधिक माल ओढता येऊ लागला, त्याचेही कारण हेच होते.

नक्षीचे दात उंच असावेत आणि दोन दातांमध्ये भरपूर अंतर असावे. जवळजवळ दात असलेला टायर दुकानात मजबूत दिसतो. परंतु काळी माती त्याच्या फटी भरून टाकते, आणि काही फेऱ्यांतच तो गुळगुळीत लाकडी ओंडका होऊन बसतो. अंतर मोकळे असले म्हणजे चाक फिरताना माती आपोआप झडून पडते. ट्रॅक्टरचा मागील टायर बसविताना दिशाही पाहावी. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिल्यास दातांच्या बाणाचे टोक वर असले पाहिजे. उलट बसविलेला टायर माती बाहेर फेकण्याऐवजी मध्ये गोळा करतो. पंक्चर काढून घाईत चाक बसविताना ही चूक होते व हंगामभर कोणाच्या ध्यानात येत नाही.

हवेचा दाब हा तर बिनखर्चाचा उपाय होय. दाब कमी केला म्हणजे टायर जमिनीवर अधिक लांब टेकतो व भार पसरतो. ट्रॅक्टरच्या मागील टायरमध्ये शेतकामास साधारणतः १२ ते १४ पौंड आणि सडकेवरील वाहतुकीस १८ ते २० पौंड हवा ठेवतात. नेमका आकडा टायरच्या आकारावर व भारावर अवलंबून असल्याने यंत्राबरोबर मिळालेली पुस्तिका प्रमाण मानावी. शेतातून सडकेवर येताच हवा पुन्हा भरणे आवश्यक आहे, नाहीतर टायरच्या बाजू तापून फाटतात. दाब मोजण्याचे साधन फारसे महाग नसते. तरीही ते फार थोड्या ट्रॅक्टरांवर आढळते, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

मागील टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरल्यास प्रत्येक चाकावर दीडशे किलोंहून अधिक भार वाढू शकतो. हा भार ओढीस उपयोगी पडतो. मात्र तो किती असावा, हे घसरणीवरून ठरवावे. मागील टायरवर खडूने खूण करावी. मोकळा ट्रॅक्टर कठीण वाटेवर चालवून चाकाच्या १० फेऱ्यांत किती अंतर कापले जाते ते मोजावे. नंतर ओझ्यासह शेतात तेच करावे. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले, तर घसरण १५ टक्के झाली. शेतात १० ते १५ टक्के घसरण योग्य समजली जाते. त्याहून पुष्कळ अधिक असेल तर भार वाढवावा किंवा ओझे कमी करावे. घसरण जवळजवळ नसेल, तर नाहक भार वाहून डिझेल जाळले जात आहे आणि जमीनही दबत आहे, असे समजावे.

जोडणी

दोन चाकी ट्रॉली आपल्या भाराचा काही भाग ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर टाकते, त्यामुळे पकड वाढते. परंतु ऊस ट्रॉलीच्या मागच्या भागात अधिक रचला तर दांडी वर उचलली जाऊन उलटाच परिणाम होतो. फार पुढे रचला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. सुकाणू नीट चालण्यासाठी एकूण भाराच्या निदान पाचव्या हिश्शाएवढा भार पुढील चाकांवर राहिला पाहिजे. चढावर पुढील चाके हलकी वाटू लागली की तो इशारा समजून ओझे कमी करावे. पुढे दोन माणसे बसवून तोंड दाबून धरण्याचा प्रकार जीवघेणा आहे, व तो ताबडतोब बंद झाला पाहिजे.

साखळी किंवा दांडी नेहमी खालच्या ओढपट्टीलाच जोडावी. ती मागील आसाच्या वर बांधली, आणि चाके चिखलात घट्ट बसलेली असली, तर इंजिनाची शक्ती चाक फिरविण्याऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती मागे फिरविते. तो उलटा पडावयास क्षणाचाच अवधी लागतो. चालकास उडी मारण्यासही सवड मिळत नाही. रुतलेल्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर पुढे काढण्याची जी रीत पुष्कळ ठिकाणी दिसते, तीत हाच धोका आहे. ट्रॉली सोडावी, चाकांमागील माती फावड्याने काढावी, आणि ट्रॅक्टर मागच्या गिअरमध्ये, ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर घ्यावा.

उंची

अलीकडे तरुण शेतकऱ्यांमध्ये चारही चाकांना ओढ असलेली जीप अथवा पिकअप घेऊन तिची उंची वाढवून घेण्याची आवड दिसते. जीप हे वाहन महाराष्ट्रास नवे नव्हे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि १९५२ च्या समाजविकास कार्यक्रमानंतर गावोगाव जाणाऱ्या अधिकाऱ्यांचे ते ओळखीचे वाहन झाले.

पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडतात व मध्ये मातीचा वरंबा राहतो. जीप त्या वरंब्यावर पोट टेकून बसते आणि चाके अधांतरी फिरतात. म्हणून उंची हवी, हे खरे. परंतु कमानपाट्यांखाली ठोकळे घालून अथवा पाटे उंच करून जी उंची मिळते, ती केवळ सांगाड्यास मिळते. आस व त्याच्या मध्यावरील डिफरेन्शियलचा गोळा होता तेथेच राहतो, आणि वरंब्यास प्रथम तोच टेकतो. त्याला वर नेणारी वस्तू एकच, मोठे टायर. टायरचा व्यास ४ इंच वाढला तर आस २ इंच वर जातो. पाटे उंच केल्याचा खरा लाभ हा की मोठ्या टायरला जागा होते, तसेच चाक व मडगार्ड यांमध्ये काळी माती ठासून चाक अडत नाही.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. गुरुत्वमध्य वर जातो, आणि हळदीची पोती टपापर्यंत रचलेले उंच वाहन कालव्याच्या उतरत्या भरावावर लवकर कलंडते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस झिजतात, ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात, सुकाणूचे दांडे वाकड्या कोनात काम करू लागतात. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या तपशिलाहून वेगळा बदल वाहनात करता येत नाही, व सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली ही गोष्ट स्पष्ट केली आहे. अपघात झाल्यावर विम्याचा प्रश्न उभा राहतो तो निराळाच. तेव्हा बदल करून घेण्यापेक्षा मुळातच पुरेशा उंचीचे वाहन निवडणे शहाणपणाचे ठरेल.

गिअर

मोठे टायर लावले म्हणजे गिअर आपोआप बदलतात, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विलीज नमुन्याच्या जुन्या जीपमध्ये लो रेंज व पहिला गिअर लावला असता इंजिनाचे सुमारे ३७ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होई. या जोरावरच ते लहान इंजिन चिखलातून निघत असे. तिचा टायर सुमारे २९ इंच व्यासाचा. त्याऐवजी ३३ इंचांचा लावला, तर चाकाकडील ओढ १२ टक्क्यांनी घटते, म्हणजे ३७ ची जागा जणू साडेबत्तीस घेतात. वेगदर्शक काटा ५० दाखवीत असताना वाहन प्रत्यक्षात ५७ च्या वेगाने धावते, आणि ब्रेकलाही अधिक जोर पडतो. आसातील दातचक्रे बदलून हे भरून काढता येते, परंतु तो खर्च टायरच्या खर्चाहून जड जाण्याचा संभव असतो. एका क्रमांकाने मोठा टायर घेऊन थांबावे, हे बरे.

चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढील टायर लहान व मागील मोठे असून दोहोंचे प्रमाण गिअरपेटीशी जुळविलेले असते. केवळ मागील जोडी निराळ्या आकाराची घातली, तर पुढील व मागील चाके एकमेकांशी झगडतात व पेटीतील दाते तुटतात.

चिखलात शिरण्यापूर्वीच खालचा गिअर निवडावा. मध्येच गिअर बदलताना ओढ तुटते व वाहन तेथेच बसते. डिफरेन्शियल लॉक सरळ चालीत वापरावा आणि वळण्यापूर्वी सोडावा.

इतके करूनही काही दिवस असे असतात की त्या दिवशी रानात वाहन घालूच नये. जमिनीस वाफसा आला किंवा नाही, हे शेतकऱ्यास पेरणीच्या वेळी जसे कळते तसेच वाहतुकीच्या वेळीही कळते. वितीभर खालची माती मुठीत दाबून गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटला तर वाट द्यावी, चपटा होऊन बसला तर थांबावे. ओल्या रानात जड चाके फिरली की खालचा थर दबतो, आणि त्या ओळींतील खोडव्याची फूट विरळ येते. ऊसतोडीची पाळी ठरविताना कालव्याकाठची व खोल रानातील फडे पुढे ढकलून उंचवट्यावरील फडे आधी घेता येतात काय, हे कारखान्याच्या शेतकी विभागाशी बोलून पाहावे. ज्या पांदणीत दरवर्षी ट्रॉल्या रुततात, तिचे काम २०२१ साली सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेत बसते काय, याची चौकशी गावपातळीवरील कार्यकर्त्याने ग्रामपंचायतीत करावी, आणि दोन्ही बाजूंच्या खातेदारांची संमती ऊस उभा असतानाच घेऊन ठेवावी.