एका दिवसाचे २,७४० पौंड

ब्रिटनमध्ये ‘ब्रेन ट्युमर रिसर्च’ नावाची धर्मादाय संस्था आहे. तिच्या पैशावर चालणाऱ्या संशोधन केंद्रांत एक भिंत राखून ठेवलेली असते. तिचे नाव ‘वॉल ऑफ होप’, आशेची भिंत. २,७४० पौंड जमवून देणाऱ्या कुटुंबाला किंवा मित्रमंडळाला या भिंतीवर एक छोटी टाइल लावता येते. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सरळ आहे. एक केंद्र चालवायला वर्षाला दहा लाख पौंड धरले आणि त्याला ३६५ने भागले की २,७४० येतात. एक टाइल म्हणजे प्रयोगशाळेतला एक दिवस. आपल्या चलनात साधारण तीन लाख रुपये.

हे पैसे येतात कुठून? केक विकून, मार्च महिन्यात चित्रविचित्र टोप्या घालून, आणि मुख्य म्हणजे चालून. सप्टेंबरमध्ये या संस्थेचा ‘वॉक ऑफ होप’ असतो. ‘द ब्रेन ट्युमर चॅरिटी’ ही दुसरी मोठी संस्था संध्याकाळी ‘ट्वायलाइट वॉक’ काढते. शिवाय कुणी आपल्या गावच्या तळ्याभोवती, कुणी कालव्याच्या काठाने स्वतःच दहा-पंधरा जण जमवून चालते. चालणारा आधी नाव नोंदवतो, ओळखीच्यांना कळवतो आणि ते त्याच्या नावाने देणगी देतात. देणारा आयकर भरत असेल तर सरकार प्रत्येक पौंडामागे आणखी २५ पेन्स संस्थेला देते.

‘तू चाल, मी पैसे देतो’ हा व्यवहार आपल्याला जरा चमत्कारिक वाटतो. चालण्याने गाठ थोडीच विरघळते? पण वारीला जाता येत नाही म्हणून वारकऱ्यांना जेवू घालणारी गावे आपल्याकडे आहेत. एकाने पाय द्यायचे आणि दुसऱ्याने शिधा, हे नाते आपल्याला नवे नाही.

या पदयात्रांत कोण चालते, ते मात्र नीट पाहायला हवे. स्तनांच्या कर्करोगासाठीच्या पदयात्रेत त्या आजारातून उठलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. ब्रेन ट्युमरच्या पदयात्रेतही रुग्ण असतात. मेंदूच्या आवरणातली साधी गाठ काढून वर्षानुवर्षे चांगले जगणारे कितीतरी जण आहेत. पण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या सर्वांत आक्रमक कर्करोगासाठी चालायला बहुतेकदा बायको येते, भाऊ येतो, आई येते. माणूस टी-शर्टवरच्या फोटोत असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७३ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर नुसते रेडिएशन घेतलेले निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांच्या आत गेले होते. सोबत औषध घेतलेल्यांमध्ये हाच काळ १४.६ महिने होता.

मागे राहणारे कमी, म्हणून त्यांच्या वतीने बोलणारे कमी. बोलणारे कमी म्हणून निधी कमी, निधी कमी म्हणून या विषयाकडे वळणारे तरुण संशोधक कमी. ब्रिटनमध्ये चाळिशीच्या आतल्या माणसांचे आणि मुलांचे सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग मेंदूचा आहे. तरीही २००२पासून देशाच्या कर्करोग संशोधनावरील खर्चातला जेमतेम एक टक्का या आजाराच्या वाट्याला आला, असा या संस्थांचा हिशेब आहे.

आजारही हट्टी आहे. कवटी ही बंद पेटी. पोटात गाठ झाली तर आजूबाजूचे अवयव थोडे सरकून जागा देतात, इथे ती सोय नाही. म्हणून कर्करोग नसलेली गाठसुद्धा मेंदूवर दाब आणून जीव घेऊ शकते. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी तर एका जागी गोळा होऊन बसत नाहीत, मुळांसारख्या निरोगी भागात शिरतात. सर्जनने दिसेल तेवढी गाठ काढली तरी न दिसणारा भाग उरतोच, आणि भोवतालचे ‘थोडे जास्त’ कापावे तर तिथे बोलणे असते, हात असतो, स्मृती असते. त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट विणलेली असते की रक्तातल्या बहुतेक औषधांना ती आत सोडत नाही. मेंदूला विषापासून वाचवणारा हा पहारेकरी औषधालाही दारातच अडवतो.

हा पहारा ओलांडणारे एक औषध मिळाले, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वर सांगितलेल्या चाचणीतले औषध तेच, टेमोझोलोमाइड. ते तयार झाले बर्मिंगहॅमच्या अॅस्टन विद्यापीठात, १९८०च्या दशकात, माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत. तिला पैसा पुरवला कॅन्सर रिसर्च कॅम्पेन या धर्मादाय संस्थेने, म्हणजे रस्त्यावर डबे हलवून आणि दारोदार फिरून जमवलेल्या देणग्यांनी. रुग्णांवरच्या पहिल्या चाचण्या लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात झाल्या. आज मुंबईपासून माँट्रियलपर्यंत ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाला जी कॅप्सूल दिली जाते, ती हीच. अडीच महिन्यांचा फरक, असे म्हणून ती उडवून लावता येईल. पण त्याच चाचणीत दोन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले होते. दोन वर्षे म्हणजे काय, हे घरात दहावीचे मूल असलेल्या बापाला विचारावे.

मग हे काम सरकारने का करू नये? करावे, आणि ब्रिटनमध्ये तसा प्रयत्नही झाला. माजी मंत्री टेसा जॉवेल यांना २०१७मध्ये ग्लायोब्लास्टोमाचे निदान झाले. जानेवारी २०१८मध्ये त्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये या आजाराबद्दल बोलल्या आणि सभागृह उभे राहिले. मे महिन्यात त्या गेल्या. सरकारने संशोधनासाठी आधी दोन कोटी आणि नंतर चार कोटी पौंड जाहीर केले. पाच वर्षांनी संसदेच्या सर्वपक्षीय गटाने चौकशी केली, तेव्हा त्यातली निम्मी रक्कमही संशोधकांपर्यंत पोचली नव्हती. यातला सरकारी ढिसाळपणा सोडून द्या. मोठा निधी खेचून आणायचा तर आधी चालती प्रयोगशाळा, साठवलेले नमुने, प्राथमिक निष्कर्ष आणि या विषयात दहा वर्षे घालवायला तयार असलेली माणसे लागतात. ही पूर्वतयारी सरकारी योजनेत बसत नाही. ती होते टाइलच्या पैशातून. पदयात्रेच्या रकमेने नवे औषध बाजारात येत नाही, तो खर्च कितीतरी पटींनी मोठा असतो. पण तिने एखादी तरुण संशोधक दुसऱ्या विषयाकडे निघून जात नाही, हे माझ्या मते अधिक मोलाचे.

निधीचे झाले, आता जागृतीचे. या शब्दाबद्दल मला थोडा संशय आहे. फीत लावली, फलक धरला, फोटो काढला, म्हणजे नेमके कोणाला काय कळले? ‘ब्रेन ट्युमर ओळखा’ एवढेच सांगितले तर डोके दुखणारा प्रत्येक जण घाबरेल, आणि डोके कोणाचे दुखत नाही? बहुतेक डोकेदुखीचा गाठीशी काही संबंध नसतो.

ब्रिटनमध्येच २०११ साली सुरू झालेली ‘हेडस्मार्ट’ मोहीम म्हणून वेगळी वाटते. नॉटिंगहॅम विद्यापीठ, बालरोगतज्ज्ञांचे रॉयल कॉलेज आणि एक धर्मादाय संस्था यांनी मिळून ती आखली. मुलांमध्ये मेंदूची गाठ उशिरा का सापडते, याचा आधी अभ्यास झाला. मग लक्षणांची खिशात मावणारी कार्डे छापली, तीही वयाप्रमाणे वेगळी. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला डोके दुखते हे सांगता येत नाही. त्यामुळे त्याच्या कार्डावर सतत होणाऱ्या उलट्या, तोल जाणे, डोळ्यांची विचित्र हालचाल, मान एका बाजूला कलती ठेवणे, मरगळ आणि आकडी आहे. थोड्या मोठ्या मुलांसाठी वारंवार दुखणारे डोके आणि अंधूक किंवा एकाचे दोन दिसणे यांची भर पडते. किशोरवयीन मुलांसाठी वयात येणे लांबणे किंवा थांबणे हेही आहे. एक लक्षण टिकून राहिले तर डॉक्टरकडे जा, दोन असतील तर घाईने जा, इतका साधा सल्ला. पहिले लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंत पूर्वी मध्यमान १४.४ आठवडे लागत, मोहिमेनंतर ते ६.७ आठवड्यांवर आले. उलट्या होणाऱ्या मुलाला तीनतीनदा पोटाचे औषध देऊन परत पाठवले जाण्याचे किती प्रसंग त्या आठवड्यांत गेले असतील!

मोठ्या माणसांसाठीही असे नेमके बोलता येते. पूर्वी कधी न आलेली फिट, सकाळी उठताच दुखणारे आणि दिवसेंदिवस वाढत जाणारे डोके, एका बाजूचा हातपाय कमजोर होणे, शब्द न सापडणे, आणि घरच्यांनाच जाणवेल असा स्वभावातला बदल. या शेवटच्या लक्षणाला आपल्याकडे ‘टेन्शन’ म्हणून वाटेला लावले जाते.

जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका रुग्णसंस्थेच्या पुढाकाराने २०००पासून ८ जून हा जागतिक ब्रेन ट्युमर दिन पाळला जातो. आपल्याकडेही त्या सुमारास पदयात्रा निघतात. चालून किंवा धावून देणगी जमवण्याची ओळख मुंबईला २००४पासूनच्या मॅरेथॉनने करून दिलीच आहे. ब्रेन ट्युमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी काम करते. फक्त इथली गरज ब्रिटनपेक्षा वेगळी आहे. तिथे उपचार सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळतात, म्हणून चालणारा थेट संशोधनाचा विचार करू शकतो. ग्लायोब्लास्टोमाचे नेहमीचे रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे चालते. एकेक सिटिंग काही मिनिटांचे, पण विदर्भातून किंवा बिहारमधून परळला आलेल्या माणसाला मधल्या दीड महिन्यात गावी जाता येत नाही. त्याच्यासोबत आलेल्याची मजुरी बुडते ती वेगळी. दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे रुग्ण राहतात, पण येणारे सगळे तिथे मावत नाहीत. जागा न मिळालेल्या एका कुटुंबाच्या सहा आठवड्यांच्या खोलीभाड्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा आकडा काढला, तर तो २,७४० पौंडांपेक्षा पुष्कळ कमी भरेल.