कंपनीची नोकरी सुटली, आता दवाखान्याचं काय?

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. काही ताया स्वतःही जातात. नोकरी सुटली की पगार थांबला हे लगेच कळतं. पण त्या पगारासोबत दवाखान्याचा विमाही होता, हे बहुतेकदा घरात कुणी आजारी पडल्यावरच लक्षात येतं. मग गटाचं कर्ज, सोनं गहाण, सावकार. म्हणून नोकरी सुटायच्या आधीच काय बघायचं, ते समजून घेऊ.

पगारातून काय कापलं जातं?

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांना ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि कंपनी सव्वातीन टक्के भरते. १५,००० पगार असेल तर कामगाराचे साधारण ११३ रुपये आणि कंपनीचे ४८८. म्हणजे महिन्याला सहाशेच्या आसपास. एवढ्यात कामगार, त्याची बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील या सगळ्यांचा उपचार होतो. ठेकेदाराकडच्या कामगारालाही हा हक्क आहे.

नोकरी सुटल्यावर "आम्हीच सहाशे भरतो, विमा चालू ठेवा" असं म्हणता येत नाही. तशी सोय यात नाही. पण विमा त्याच दिवशी बंद होतो असंही नाही.

७८ दिवसांचा हिशोब

ईएसआयसीत वर्षाचे दोन भाग धरतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर उपचार पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत मिळतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवस भरले असतील, तर त्यानंतरच्या ३१ डिसेंबरपर्यंत.

समजा, मुलगा एप्रिलपासून कामावर होता आणि ऑक्टोबरअखेर काम सुटलं. पहिल्या भागाचे ७८ दिवस भरलेत, म्हणून घराला पुढच्या ३० जूनपर्यंत उपचार मिळेल. तोच मुलगा डिसेंबरअखेरपर्यंत टिकला असता, तर दुसऱ्या भागाचेही ७८ दिवस भरले असते आणि उपचार आणखी सहा महिने, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत मिळाला असता. नोकरी आपणहून सोडायची असेल तर आधी हे दिवस मोजा. थोड्या दिवसांसाठी सहा महिने घालवू नका.

नवीन कंपनीत लागला तर जुनाच दहा अंकी विमा क्रमांक द्यायचा. दुसरा क्रमांक काढला तर जुने दिवस हिशोबात धरताना अडचण येते.

निवृत्त झालेल्यांसाठी वर्षाला १२० रुपये

किमान पाच वर्षं विम्यात राहून जो कामगार वयोमानाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झाला, त्याला वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून स्वतःचा आणि जोडीदाराचा उपचार चालू ठेवता येतो. तो वारला तर त्याची पत्नीही हेच पैसे भरून पुढे चालू ठेवू शकते. १२० रुपयांची ही गोष्ट माहीत नसल्याने सोडून देऊ नका. मुलांना मात्र यात उपचार मिळत नाही.

कंपनीचा खासगी विमा असेल तर

पगार जास्त असेल तर कंपनी खासगी विमा कंपनीकडून गट विमा काढते. तो सहसा नोकरीबरोबर संपतो. पण त्याच विमा कंपनीकडे स्वतःची किंवा कुटुंबाची पॉलिसी मागता येते आणि जुन्या आजारांसाठी थांबायचा जो काळ आधी पूर्ण झालाय, तो धरला जातो. शेवटच्या दिवसाची वाट न बघता अर्ज द्या. हप्ता आता पूर्ण आपल्यालाच भरायचा असतो आणि वयाप्रमाणे तो वाढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. शुगर, बीपी लपवू नका, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जातो.

हप्ता न भरता मिळणारं संरक्षण

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. आपल्याकडे घाटीत आणि योजनेतल्या खासगी दवाखान्यांत ते मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न घालता मिळतं. पण ही योजना भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आणखी एक. बँकेतून २० रुपये कापतात तो अपघात विमा, ४३६ रुपये कापतात तो जीवन विमा. दोन्ही चांगले आहेत, पण त्यांतून दवाखान्याचं बिल मिळत नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

- घरातला कोण कुठे कामाला आहे आणि पगारपत्रकात ईएसआयसी कापलंय का, ते विचारा.
- विमा क्रमांक आणि कार्डावरची नावं तपासा. सुनेचं, नातवाचं नाव राहिलंय का?
- नोकरी सुटली असेल तर उपचाराची शेवटची तारीख वहीत लिहा.
- रेशनकार्डावरची नावं आधारप्रमाणे आहेत का बघा.

चौकशीसाठी फुकट फोन: ईएसआयसी १८००-११-२५२६, जन आरोग्य योजना १५५३८८, आयुष्मान १४५५५.

ज्या ताईंना वाचता येत नाही, त्यांना हा लेख बैठकीत वाचून दाखवा. आजारपणाचं कर्ज मागायला ताई गटात आली, की कर्ज द्यायच्या आधी एकदा विचारा, "ताई, विम्याचं बघितलं का?"